ढोल घरात येत नाय

भेंडी माणसाला सुखानं बसू देत नाही. भात कसं शहाणं पीक. लावलं, वाढलं, कापलं, झोडलं की माणूस मोकळा. भेंडीच्या दारात मात्र दिवसाआड सकाळी हजर व्हावं लागतं, आणि एक खेप चुकली की ती अशी निबर होते की गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. रामाला या पिकाचा मनापासून राग होता, आणि गेली सहा वर्षं तो तेच पीक करत होता.

जानेवारीची थंडी होती. पानांवर दव साचलेलं, आणि त्या ओल्या पानांची बारीक कुसळं हाताला लागली की दिवसभर खाज. सून शालन नवऱ्याचे जुने मोजे हातात चढवून तोडायची. रामा उघड्या हातांनी तोडायचा. मोजे घातले की कोवळी कुठली नि निबर कुठली ते बोटाला कळत नाही, असं त्याचं म्हणणं. वय अठ्ठ्याहत्तर, कमरेत बाक आलेला. त्यामुळे ओळीत शिरायला त्याला वेगळं वाकावं लागत नव्हतं. शेत सावळारामचं, मोटरचं पाणी सावळारामचं, राबणूक रामाच्या घरची आणि माल निम्मानिम. मुलगा रत्नदीप वाशिंदला कारखान्यात. तो शनिवारी यायचा नि रविवारी जायचा. म्हणजे राबणूक कुणाची, ते वेगळं सांगायला नको.

साडेसात वाजले की धसई रस्त्यावरच्या हायस्कुलातून बँडचा आवाज यायचा. आधी बिगुल. बिगुलवाल्या पोरांना अजून दम धरता येत नव्हता, त्यामुळे सुरुवातीला कुणाचं तरी रेडकू हंबरतंय असं वाटायचं. मग साइड ड्रमची कडकड. आणि मग या सगळ्यांच्या खालून, जमिनीतून आल्यासारखा, मोठा ढोल. तो ढोल दीप्तीचा होता. दीप्ती म्हणजे रामाची नात, नववीतली.

ढोल सुरू झाला की रामाचा तोडता हात थांबायचा. क्रेटच्या काठावर उजव्या हाताची बोटं आपोआप पडायला लागायची. आधी दोन बोटं, मग तळव्याचा मागचा भाग, पुन्हा बोटं. शालननं मान वळवली की हात चटकन काखेत जायचा, जणू थंडी वाजली. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय? शालन अठरा वर्षं या घरात नांदत होती. ती पुढची ओळ धरायची.

"मामा, तुमी बसा जरा," एवढंच म्हणायची.

"बसलो तर उठंल कोण?" रामा म्हणायचा आणि परत भेंडीला लागायचा.

दिवाळीनंतर शाळेत बँडची निवड झाली तेव्हा दीप्ती धावत घरी आली होती. दप्तर खाली टाकायच्या आधीच म्हणाली, "आबा, मोठा ढोल मला दिला सरांनी. सगळ्या वर्गात मला एकटीलाच उचलून चालता आला. पोरांना पण नाय."

भेंडीचे क्रेट उचलून उचलून झालेले ते खांदे, त्यात नवल नव्हतं. रामा ओट्यावर विळ्याला धार लावत बसला होता. त्यानं धार लावून संपवली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि मग बोलला.

"शाळेत वाजव. घरात ढोल येता नये."

"मग सराव कुठं करू?"

"ते मला नको विचारूस."

पोरगी हिरमुसली, पण कारण तिला माहीत होतं. बौद्धवाडीत ते सगळ्यांना माहीत होतं. बासष्ट साली खैरपाड्याच्या या वाडीनं दीक्षा घेतली, त्याच आठवड्यात म्हाताऱ्यांनी घराघरातली वाद्यं नदीवर नेऊन जाळली. सनया, डफडी, एक मोठा ढोल. गावच्या लग्नात वाजवायचं, पालखीपुढं वाजवायचं, मयताला वाजवायचं, आणि मग उंबऱ्याबाहेर पत्रावळ येईल तेव्हा जेवायचं. हे आता बंद. रामा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याचं डफडं त्याच साली नव्यानं मढवलेलं, कातडं अजून पांढरं होतं. ते त्याला बापानं स्वतःच्या हातानं जाळात टाकायला लावलं. बाप म्हणाला, "रडायचं असेल तर आत्ता रड, घरी गेल्यावर नाय." रामा रडला नाही. पुढं दोन हंगाम गावानं वाडीला कामाला बोलावलं नाही, कंदमुळं खाऊन दिवस काढले, तरी कुणी वाजवायला गेलं नाही. ते बरोबर झालं, अशी रामाची तेव्हा खात्री होती आणि आजही होती. बापाचा त्याला अभिमान होता.

पण हाताला काय कळतंय? पंचवीस मिनिटं न थांबता वाजवणारा हात तो. त्याला कुणी दीक्षा दिली नव्हती. त्रेसष्ट वर्षं झाली, हात अजून मागत होता, आणि ही गोष्ट रामानं बायकोलासुद्धा कधी सांगितली नाही. ती गेली तेव्हाही नाही.

यंदा शाळेला मोठा मान मिळाला होता. सव्वीस जानेवारीला मुरबाडच्या मैदानावर तालुक्याचा झेंडा, तिथं सगळ्या शाळांचं संचलन, आणि संचलनापुढं बँड या शाळेचा. आजवर हा मान मुरबाडच्या मोठ्या शाळेकडंच असायचा. त्यामुळे गाव नुसतं उधळलं होतं. ज्यांची पोरं बँडात नव्हती तेही सकाळी कुंपणाला टेकून सराव बघत. बायकांनी वर्दीच्या टोप्यांना लाल गोंडे शिवून दिले. आणि पालकांचा अध्यक्ष म्हणून सगळीकडं मिरवत होता सावळाराम, कारण त्याची नात योगिनी साइड ड्रमवर होती.

अठरा तारखेला शेतातून ऐकताना रामाला ढोलाचा आवाज फाटका वाटला. तो शालनला म्हणाला, "डावी बाजू चालली."

"कसली डावी बाजू?"

"काय नाय," रामा म्हणाला.

दुपारी दीप्ती रडतच आली. ढोलाचा प्लॅस्टिकचा पडदा मधोमध चिरला होता.

संध्याकाळी दारात टेम्पो थांबला. पुढून सावळाराम उतरला, मागून आदेश सर. आदेश सर म्हणजे कवायतीचा तरुण मास्तर, कल्याणकडचा. टेम्पोत मागं ढोल आडवा ठेवलेला. सावळाराम ओट्यावर बसला, पाणी प्याला, भेंडीवर आलेल्या किडीचं बोलला, मोटरच्या वायरीचं बोलला, थंडीचं बोलला. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी खोड. तो रामाला एकेरीत हाक मारायचा आणि रामाही त्याला एकेरीतच उत्तर द्यायचा. पहिलं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं, दुसरं रामानं सुरू केलं होतं.

"बोल आता," शेवटी रामा म्हणाला.

"शाळेचा ढोल फुटला रे. बाजारातला पडदा आठ दिवसात येत नाय म्हणतात. सरांनी कातडं बघून ठेवलाय. फक्त ताणून बसवायचा. मी म्हटला, कल्याणला कशाला जायाचा, आपल्या गावात रामा हाय की."

दारातून दीप्ती बघत होती. तिच्या मागं शालन उभी.

"तुला येतं म्हणून आलो," सावळाराम म्हणाला.

"मला मुरूम फोडायला पण येतं. गवंडीकाम येतं. गेल्या साली तू घर बांधलास, तेव्हा नाय आलास."

सावळारामचं तोंड जरा उतरलं. मग तो खाली बघत हळू आवाजात बोलला, आणि हे तो खरं बोलला. "लहानपणी तुझ्या मागं मी नदीपातुर धावलोय रामा. बापाचा मार खाल्लाय त्यापायी. माझ्या लग्नात बापानं मुंबईचा बँड आणला. मी घोड्यावर बसून रडत होतो, लोक म्हणाले, पोरगं घाबरलंय. तुझ्यासारखा हात मी परत ऐकला नाय."

असं काही रामाला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या छातीत कुठंतरी हललं. आणि हललं म्हणूनच त्याला राग आला.

"तू हात ऐकलास," तो म्हणाला. "तुझ्याच घरच्या लग्नात माझा बाप दुपारपातुर वाजवून संध्याकाळी गोठ्याजवळ जेवायला बसला होता. कुत्री हाकलत जेवला. ते तुला दिसलं नाय."

"आता कोण तसं करतो रे?"

"आता कोण वाजवतो?"

आदेश सर अवघडून उभा राहिला. म्हणाला, "आजोबा, माझं चुकलं. मला हे माहीत नव्हतं. आम्ही कल्याणला नेतो."

"न्या, सर. तुमच्यावर राग नाय. आमच्या घरात ढोल येत नाय."

टेम्पोत चढता चढता सावळाराम पुटपुटला, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाय." रामाला ऐकू जावं एवढ्याच आवाजात. टेम्पो वळला, आणि दीप्ती आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. रात्री ती जेवली, पण आजोबांच्या ताटात रोज ती वाढायची ती भाकरी आईनं वाढली.

दुसऱ्या दिवशी मोटर चालू झाली नाही. सावळारामनं निरोप पाठवला, कंडेन्सर गेलाय. गेलाही असेल, मोटरी काय, बिघडतात. पण त्याच्या स्वतःच्या काकडीच्या वाफ्यात पाणी चमकत होतं, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होतं. तिसऱ्या दिवशी भेंडीच्या शेंड्यांनी माना टाकल्या. शालन विहिरीवरून हंडे आणायला लागली. एक डोक्यावर, एक कमरेवर. शाळेच्या आधी दीप्ती, शाळेनंतर दीप्ती. रामा झारीनं बुंध्याला पाणी घालायचा. अर्धी ओळ झाली की त्याचा श्वास फुलायचा, तो झारी टेकून उभा राहायचा. त्या दिवशी तोडलेला अर्धा माल वाकडा निघाला, आणि माल नेणाऱ्यानं तो सगळ्यांसमोर बांधावर ओतला.

"मोटरीचं सावळारामशेटला विचारून येऊ का?" शालननं विचारलं.

"नको."

"मी आपली विचारते. पाया नाय पडणार."

"नको म्हटलं ना," रामा म्हणाला. मग झारी खाली ठेवून, "तुझी कंबर गेली असंल गो."

"जाईल कुठं? हितंच हाय," शालन म्हणाली. त्यावर दोघंही हसली.

चौथ्या दिवशी मोटर आली. ढोलही कल्याणहून आला, दोन्ही बाजूंना कातडं चढवून. त्या सकाळी शाळेला सुट्टी होती, दीप्ती आजोबांबरोबर तोडायला आली. दोघं एकाच ओळीच्या दोन अंगांना. मध्ये भेंडीची डोक्याएवढी झाडं, त्यामुळे एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. कदाचित म्हणूनच ती बोलली.

"आबा, माझ्यामुळं पाणी बंद झालं ना?"

"तुझ्यामुळं नाय. माझ्यामुळं."

"तुमाला राग येतो मी वाजवते त्याचा?"

रामानं पाचसहा भेंड्या तोडल्या. "नाय."

"मग?"

"मला ऐकायला यायचं असतं कुंपणापाशी," तो म्हणाला. "पाय उचलत नाय. बाप दिसतो."

एवढं तो आजवर कुणाजवळ बोलला नव्हता, आणि बोलून गेल्यावर त्याला झाडांचा आडोसा बरा वाटला. पलीकडं दीप्ती थांबली होती. मग तिनं विचारलं, "आबा, वळताना माझं दर वेळी चुकतं. सर म्हणतात ताल धर, पण कसा धरायचा ते नाय सांगत."

चूक काय ते रामाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दीड महिना रोज सकाळी ती त्याच्या कानात खुपत होती.

"तू हात आधी टाकतेस," तो म्हणाला. "वळताना माणसाला घाई होते. पाय आधी टाकायचा. तो जमिनीला लागला की मग हात. पायाला पोचू द्यायचं."

दीप्तीनं ओळीतच दोन पावलं टाकली, क्रेटवर मूठ आपटली. पुन्हा. पुन्हा. चौथ्यांदा बरोबर पडली.

"हां," रामा म्हणाला. मग आठवल्यासारखं विचारलं, "कातडं चढवलंय ना आता? त्याला दवाचं सांभाळा. रात्री झाकून ठेवा. सरांना सांग."

तिनं सांगितलं असेलही. पण सांगणं आणि होणं यात खैरपाड्यात फार अंतर.

सव्वीस जानेवारीला रामा मुरबाडला जायचाच. त्याला बँडची गरज नव्हती. गेली कितीतरी वर्षं धुवट सदरा घालून, पहिली एसटी पकडून तो झेंड्याला हजर असायचा. लाउडस्पीकरवर संविधानाची उद्देशिका वाचायला लागले की त्याचे ओठ हलायचे. शाळा त्याची चौथीपर्यंत, पण ते पान पाठ. या वर्षी शालन बरोबर होती. दोघं मैदानावर दोरीच्या अलीकडं उभी राहिली तेव्हा आठ वाजले होते आणि दव अजून उतरत होतं.

बँड आणि पालक भेंडीच्या टेम्पोतून आदल्या संध्याकाळीच आले होते, पोरं ओळखीच्यांकडं झोपली होती. वाद्यांना धक्का बसू नये म्हणून टेम्पोत पेंढा अंथरला होता, हे चांगलं केलं. पण वर झाकायला काही घातलं नाही. आणि सकाळी त्यावर कळस झाला तो सावळारामचा. एवढा मोठा मान, पूजा नको? त्यानं पिशवीतून नारळ काढला, टेम्पोच्या आकड्यावर फोडला, आणि बायकांनी हळदकुंकू लावलेल्या त्या ढोलावर दोन्ही बाजूंनी सगळं पाणी भक्तिभावानं शिंपडलं. आदेश सर बिगुलवाल्यांच्या टोप्या सारख्या करत होता, त्याला पत्ता नाही. चार दिवसांपूर्वी मढवलेलं कातडं, त्यावर रात्रभराचं दव, त्यावर नारळाचं पाणी. देवाला काय, तो प्रसन्न झालाही असेल.

दीप्तीनं ढोल गळ्यात घेतला आणि काठी मारली. भद. ओल्या गोणपाटावर मारल्यासारखं. तिनं पुन्हा मारली. भद.

दोरीपलीकडून रामानं ते ऐकलं. आदेश सर धावला, त्यानं कातडं ताणायच्या चाव्या आवळल्या, आणखी आवळल्या. एका चावीनं करकर आवाज केला तसा घाबरून सोडून दिल्या. जास्त ताणलं तर फाटणार. घड्याळात साडेआठ होऊन गेलेले. सव्वानऊला झेंडा. मुरबाडच्या शाळेचा बँड तिथंच बाजूला उभा होता आणि त्यांची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती.

"सर, तुमचं नाही जमत तर आमचा बँड तयार आहे," त्यांचा मास्तर म्हणाला. तसा सभ्यपणे म्हणाला, पण सगळ्यांना लागलं.

दीप्ती रडत नव्हती. ती दोन्ही हात ढोलावर ठेवून नुसती उभी होती, आणि तिचे ते रुंद खांदे खाली आले होते. सावळारामला एव्हाना कळलं होतं. हातात नारळाची करवंटी धरून तो बघत राहिला; मग त्यानं दोरीकडं, रामाकडं पाहिलं. रामाला वाटलं, आता हा बोलवणार. सगळ्या तालुक्यासमोर हाक मारणार, रामा, ये रे. तसं झालं असतं तर रामा जागचा हलला नसता, हे त्याचं त्याला पक्कं माहीत होतं.

पण सावळारामनं हाक मारली नाही. त्यानं मान खाली घातली आणि दीप्तीला म्हणाला, "पोरी, माझी चूक झाली. मी पाणी घातला." एवढंच. मग करवंटी पिशवीत टाकून बाजूला उभा राहिला.

रामानं दोरी उचलली आणि खालून आत गेला. वाकलेला होताच.

"मामा," मागून शालन म्हणाली. त्यानं वळून पाहिलं नाही.

होमगार्ड काही बोलायच्या आत तो ढोलापाशी पोचला होता. खांद्यावरच्या पंच्यानं त्यानं आधी नारळाचं पाणी आणि कुंकू टिपून घेतलं, घासलं नाही, टिपलं. बोटाच्या मागच्या बाजूनं कातडं चाचपलं. त्रेसष्ट वर्षांत पहिल्यांदा. ते गार होतं.

"आबा, तुमी तर..." दीप्ती म्हणाली.

"हा कुणाच्या लग्नाला नाय वाजत. झेंड्याला वाजतो आणि तू वाजवतेस. उचल, टेम्पोमागं घे." मग तो मागं वळला. "सावळाराम, पेंढा काढ. कोरडा बघून काढ, खालचा. काडेपेटी हाय ना तुझ्या पूजेची?"

सावळाराम पंचाहत्तरीचा, गुडघे गेलेला. तरी टेम्पोत चढला, पालथा पडून खालचा पेंढा ओढून काढला, कवेत घेऊन उतरला. कुंपणाबाहेर टेम्पोच्या आडोशाला त्यानं तो पसरला आणि काडी ओढली. टोपीला पेंढ्याच्या काड्या चिकटलेल्या.

"एवढा नको जाळ. कमी कर. मूठमूठ टाक."

"टाकतो."

"मोठा झाला तर कातडं आखडंल. फुकू नकोस, राख उडते."

"बरं," सावळाराम म्हणाला आणि मुकाट मूठमूठ टाकत राहिला.

रामा नि दीप्तीनं ढोल दोन अंगांनी धरला आणि जाळावर हातभर उंचीवर फिरवायला लागली. थांबायचं नाही, फिरवत राहायचं. एका ठिकाणी ऊब जास्त लागली की तिथं आवाज वेगळा येतो, हे रामा सांगत होता. आजोबा एवढं बोलतात हे दीप्तीला माहीत नव्हतं. मध्येच तो कातड्यावर नख वाजवून कान जवळ न्यायचा. धूर डोळ्यांत जात होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. सगळंच काही धुराचं नव्हतं. दुसरी बाजू झाली. नखाचा आवाज हळूहळू वर चढला, कोरडा झाला, टणक झाला.

"झालं का?" आदेश सर विचारत होता. "आजोबा, नऊ वाजले."

झालं की नाही ते थाप मारूनच कळणार. दीप्तीला काठी देऊन मार म्हटलं असतं तरी चाललं असतं. रामाला ते समजत होतं. चांगलं समजत होतं. तरी त्यानं उजवा हात उचलला, भेंडीच्या कुसळांनी चिरा पडलेला, आणि थाप मारली.

धूम.

आवाज कुंपणावरून गेला. मैदानावरची माणसं वळून बघायला लागली. रामाच्या मनगटातून तो खांद्यापर्यंत चढला, आणि क्षणभर नदीवरची ती आग, नवीन पांढरं कातडं, बापाचं घट्ट मिटलेलं तोंड, सगळं त्याच्यासमोर उभं राहिलं. बाप रागावलेला दिसत नव्हता. पण खूशही दिसत नव्हता. तो जसा होता तसाच होता.

सावळाराम जाळापाशी उकिडवा बसला होता. वर बघत हलक्या आवाजात म्हणाला, "आणखी एक, रामा."

त्याला एक हवी होती. रामाला शंभर हव्या होत्या. हात कातड्यावरच टेकलेला होता, बोटं तयार होती, ती सगळी वळणं त्यांना अजून तोंडपाठ होती.

"नाय," रामा म्हणाला. "बास." त्यानं हात काढला आणि ढोलाचा पट्टा नातीच्या गळ्यात घातला. "जा. पायाला पोचू दे."

तो परत दोरीखालून अलीकडं आला तेव्हा तहसीलदार साहेब आले होते. झेंडा वर गेला. उद्देशिका झाली, रामाचे ओठ हलले, पण या वर्षी मधली एक ओळ त्याच्याकडून सुटली. मग बिगुल. पोरांनी आज दम धरला. साइड ड्रम कडाडले, योगिनी ताठ मान करून चालत होती. आणि सगळ्यांच्या खालून ढोल आला. कोरडा, भरलेला, मैदानाच्या त्या टोकापर्यंत.

खैरपाड्याची माणसं टाळ्या पिटत होती. कुणी मोबाइल उंच धरलेले, कुणी नावं घेऊन ओरडत होते. सावळाराम टोपी काढून डोळे पुसत होता आणि धुराला नावं ठेवत होता. रामा काहीच करत नव्हता. एक थाप मिळाली म्हणून हात शांत होईल असं त्याला वाटलं होतं, पण तसं झालं नाही. उलट आता जास्त मागत होता. घरी गेल्यावर मागेल, उद्या भेंडीत मागेल, मरेपर्यंत मागेल, हे त्याला कळून चुकलं.

बँड वळणावर आला. तिथंच दर वेळी चुकायचं. रामानं श्वास धरला. दीप्तीचा पाय पुढं पडला, जमिनीला पोचला, आणि मग हात आला.

शालननं वळून पाहिलं. मामांच्या उजव्या हाताची बोटं दोरीच्या खांबावर पडत होती. आधी दोन बोटं, मग तळव्याचा मागचा भाग, पुन्हा बोटं. रामाला ती बघतेय हे दिसलं. त्यानं हात काढला नाही. बँड मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ढोल ऐकू येईनासा होईपर्यंत तो वाजवत राहिला.